जिची घडी तिची सही

मतदानाला आठ दिवस उरले होते. पक्षाची माणसं बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या गल्लीगल्लीतून चिठ्ठ्या वाटत फिरत होती, आणि पिसे टेलर्सच्या दुकानावरच्या बिऱ्हाडात चार मतदारांसाठी तीनच चिठ्ठ्या आल्या. सासरे विठोजींची एक, सासूबाई ठकुबाईंची एक, धाकटा दीर पिराजीची एक. सोयराबाईची नव्हती. तिनं तिन्ही चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या, उंबऱ्यापाशी पडली की काय म्हणून चटई उचलून पाहिली, आणि शेवटी खाली दुकानात जाऊन सासऱ्यांना विचारलं.

विठोजींनी कापडावरची नजर न उचलता सांगितलं की त्यात शोधण्यासारखं काही नाही. तिचं मत सयाजीकडं गेलंय. टपालानं. फौजेतल्या माणसाची मतपत्रिका त्याच्या ठाण्यावर जाते, त्याच्या बायकोचीही त्याच्याबरोबर जाते. कुणाच्या नावापुढं फुली मारायची ते त्यांनी पोराला आधीच कळवलंय, तेव्हा तिनं स्वल्पही काळजी करू नये.

काळजी! सोयराबाईच्या अंगाची लाही लाही झाली. पण गिऱ्हाईक समोर पँटचं माप देत उभं होतं, म्हणून ती जिना चढून वर आली.

पिसे मंडळी बेंगळुरात साडेतीनशे वर्षं आहेत. शहाजीराजांच्या लष्कराबरोबर तंबू शिवायला आलो, असं विठोजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खरंखोटं त्या तंबूंनाच ठाऊक. पुढं गोऱ्यांची छावणी आली तेव्हा त्यांचे कोट शिवले, गोरे गेल्यावर आपल्यांचे शिवले. या एवढ्या काळात घरात एक रीत मुरली होती ती अशी की घराचं तोंड एकच. समाजाचे अध्यक्ष नरसिंहराव निवडणुकीआधी चहाला येत, आणि विठोजी त्यांना सांगून टाकत, आमची पाच मतं धरा. चार घरातली आणि एक सयाजीचं. शब्द दिला की दिला.

सोयराबाईला दिवसभरात सल्ला द्यायला माणसांची कमी नव्हती. भाजीत सांबार पुडी किती घालावी, मुलींना कुठल्या शाळेत घालावं, येलहंकापर्यंत कामाला जायला कुठली बस धरावी, सगळ्यावर सगळ्यांचं काही ना काही म्हणणं असे. एकच जागा अशी होती जिथं तिच्यामागं कुणी येत नसे. शाळेतला तो पुठ्ठ्याचा आडोसा. तीनदा ती त्या आडोशामागं गेली होती, तीनदा आपल्या मनानं शिक्का मारून बाहेर आली होती, आणि काय केलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. विठोजी गृहीत धरत की त्यांनी सांगितलं तेच केलं असणार. सयाजीनं एकदा लाडीगोडी लावून विचारलं, तर तिनं उलट विचारलं की तुमच्या तोफेची गुपितं तुम्ही मला सांगता काय? तो हसला. ती जागा आता कुणी तिला न विचारता काढून घेतली होती.

सयाजी हवालदार होता, विमानं पाडणाऱ्या तोफखान्यात, सध्या काश्मिरात. सोयराबाई येलहंकाच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये विमानं उतरवण्याचं काम करी. यात चेष्टा नाही. तोफखान्याला नेम धरायला शिकवायचं तर हवेत काहीतरी उडावं लागतं, आणि त्यासाठी एक बिनमाणसाचं विमान असतं. ते उडवणारा जमिनीवरच्या खोलीत दांडा धरून बसलेला असतो. तोफा त्या विमानावर नेम धरतात, आणि खेळ संपला की विमानाच्या पोटातून पॅराशूट उघडतं आणि ते समुद्रात अलगद उतरतं. त्या पॅराशूटला शेडमधल्या बायका छत्री म्हणत. शिंप्याची सून म्हणून सोयराबाईला हे काम मिळालं होतं, आणि गेली सहा वर्षं ती छत्र्या शिवत होती, समुद्रातून आलेल्या धुऊन वाळवत होती, दुरुस्त करत होती आणि घडी घालून पिशवीत भरत होती. नवरा पाडतो, बायको उतरवते, असं शेडमध्ये सगळे तिला चिडवत.

त्या शेडमध्ये एक नियम होता आणि तो सुपरवायझरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना पाठ होता. जिची घडी तिची सही. प्रत्येक छत्रीबरोबर एक कार्ड असे, आणि जिनं घडी घातली तिनंच त्यावर सही करायची. घडी चुकली तर छत्री उघडत नाही, आणि छत्री उघडली नाही तर एवढ्या मोलाचं विमान समुद्राच्या तळाशी. एकदा गडबडीच्या दिवशी सुपरवायझरनं तिला सांगितलं की रजेवर गेलेल्या बाईनं घातलेली घडी आहे, तू नुसती सही कर. सोयराबाईनं त्याच्यादेखत ती छत्री उपसली, पुन्हा पहिल्यापासून घडी घातली आणि मग सही केली. चार तास गेले. माल ताब्यात घ्यायला आलेले मेजर पोन्नप्पा तोवर बाहेर झाडाखाली बसून राहिले.

हे मेजर कोडगूचे, मितभाषी. दर पंधरवड्याला येत. याच उन्हाळ्यात, कारगिलची लढाई चालू असताना, एकदा ते म्हणाले होते की ही विमानं नुसती नेम धरायला फार दिवस राहणार नाहीत. त्यांना डोळे बसताहेत. पुढं बॉम्बही बसतील. माणूस इथं खुर्चीत बसेल आणि डोंगरापलीकडं माणूस मारील. तेव्हा सोयराबाईनं सुई खाली ठेवून विचारलं होतं, "मग त्याच्या कार्डावर सही कुणाची असेल, साहेब?"

मेजरांनी तो प्रश्न डायरीत टिपून घेतला होता.

तर चिठ्ठ्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सोयराबाईनं अर्धी रजा टाकली आणि यादी बघायला निवडणुकीच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनानं बिचाऱ्यानं तिला बसायला स्टूल दिलं, जाडजूड यादी काढली आणि शेवटच्या पानावर फौजेतल्या मतदारांच्या भागात बोट ठेवलं. अकरावा सयाजी विठोजी पिसे. बारावी त्याची बायको. नवऱ्यानंच लिहून दिलंय की बायको माझ्याबरोबर राहते, म्हणून तिचं नाव इथल्या यादीतून निघालं आणि तिकडं लागलं. आता बदल करायची मुदत संपली. मतपत्रिका गेल्या आठवड्यात रवाना झाली.

सोयराबाईनं सांगितलं की लग्नाला चौदा वर्षं झाली, नवऱ्याच्या ठाण्यावर ती चौदा दिवसही राहिलेली नाही. काश्मीर तिनं कॅलेंडरवर पाहिलंय.

"तुमचं मत कुठं हरवलं नाही, अक्का," कारकून समजुतीनं म्हणाला. "स्वल्प लांब गेलंय, इतकंच."

घरी येऊन तिनं पत्र लिहायला घेतलं. तिच्यापाशी सयाजीचं जूनमधलं पत्र होतं. त्यात त्यानं लिहिलं होतं की इथं डोंगरावर कधीकधी डोक्यावर काहीतरी घोंघावतं. आमचं की त्यांचं कळत नाही. त्यात माणूस नसतो. माणूस असता तर शिवी तरी घातली असती. पण ज्याच्या हातात दांडा आहे तो पलीकडं कुठंतरी बसून आपल्याला बघतोय, आणि आपल्याला तो दिसत नाही, याचीच जास्त चीड येते.

तेच पत्र पुढ्यात ठेवून तिनं उत्तर लिहिलं. "तुम्हाला कशाची चीड येते ते तुम्हीच लिहिलंय. माझ्या मताचं तुम्ही तेच बिनमाणसाचं विमान केलंत. मी इथं, माझं मत तिथं, आणि दांडा तुमच्या हातात. तुमच्या मागं मामंजी, त्यांच्या मागं नरसिंहराव. माझं पाकीट फोडलं नसेल तर जसंच्या तसं इकडं पाठवा. फुली मारून झाली असेल तर फाडून टाका. वाया गेलं तर चालेल, दुसऱ्यानं वापरलेलं चालणार नाही. मुली खुशाल आहेत. थंडीत कानाला बांधत जा." एवढं लिहून तिनं पाकीट चिकटवलं आणि सकाळी बसच्या आधी टपालपेटीत टाकलं.  नवऱ्यावर तिचा जीव होता, आणि तो गोळ्यांच्या पावसातून नुकता सुटला होता, हे ती विसरली नव्हती. तरीही तिनं पत्रातला एक शब्द खोडला नाही.

मतदानाच्या दिवशी बाकीचे तिघं नटून गेले. सोयराबाईही गेली. तिथल्या अधिकाऱ्यानं यादी तपासली, मान हलवली. मागच्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या. ती पाच मिनिटं तशीच उभी राहिली, मग बोटाला शाई न लागता घरी आली आणि स्वयंपाकाला लागली. विठोजी जेवताना म्हणाले की एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं, मत वाया तर गेलं नाही ना. तिनं त्यांच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "ते कुठं जाईल हे मी ठरवलं नाही, मामंजी. म्हणून ते माझ्या लेखी गेलंच." विठोजींना हे बोलणं लागलं. चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. घरातला टीव्ही तेवढा बोलत होता.

मोजणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला होती. टपालाची मतं मोजणी सुरू होईपर्यंत पोचली तरी चालतात, हे तिनं कारकुनाकडून वदवून घेतलं होतं. सप्टेंबरचे दिवस एकेक करून सरत चालले. पोस्टमन दिसला की ती बसस्टॉपवरून मागं वळून बघे. उत्तर नाही. तिच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं: सयाजी रागावला असेल, नाहीतर फुली मारून मोकळा झाला असेल आणि सांगायची हिंमत नसेल.

मग एके संध्याकाळी ती पोळ्या लाटत असताना सासूबाई शेजारी येऊन बसल्या. ठकुबाई म्हणजे घरात असून नसल्यासारखी बाई. त्या लसूण सोलता सोलता हळूच म्हणाल्या की तुझं टपाल दुकानात आलंय. परवाच. ह्यांनी खडूच्या ड्रॉवरात ठेवलंय.

सोयराबाईचं लाटणं थांबलं. तिनं विचारलं, "आत्याबाई, तुम्ही मला हे सांगितलंत ते मामंजींना कळलं तर?"

"कळू दे की. चाळीस वर्षं मी ते सांगतील तिथंच शिक्का मारते," ठकुबाई म्हणाल्या, आणि लसणीची पाकळी ताटलीत टाकून पुढं म्हणाल्या, "असं त्यांना वाटतं."

सोयराबाई सासूकडं बघतच राहिली. चौदा वर्षं एका चुलीपाशी काढली आणि ही बाई तिला आज दिसली. तिनं पिठाचे हात धुतले आणि खाली गेली.

दुकानात विठोजी एकटेच होते. तिनं पाकीट मागितलं. विठोजींनी कात्री बाजूला ठेवली आणि तिला बसायला सांगितलं. मग ते बराच वेळ बोलले. समाज लहान आहे. कानड्यांच्या गावात आपली माणसं मूठभर. एकगठ्ठा राहिलो म्हणून तर रस्ते होतात, नळ येतात, पोरांना दाखले मिळतात. नरसिंहरावांना पाच मतांचा शब्द दिलाय. म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून तरी तिनं हट्ट सोडावा. यात खोटं काही नव्हतं, आणि ते सोयराबाईलाही कळत होतं.

"शब्द तुमचा होता, तो तुम्ही दिलात," ती म्हणाली. "मत माझं होतं. ते तुम्ही कसं दिलंत?"

 विठोजींनी ड्रॉवर उघडला आणि खडूच्या पुडीखालचं जाड पाकीट काढून फळीवर ठेवलं. ते फोडलेलं नव्हतं. ते पुटपुटले की दुसऱ्याचं टपाल फोडणाऱ्यातला मी नाही. तिनं पाकीट उचललं. मोजणीला पाच दिवस होते.

पाकिटात तिची मतपत्रिका होती, कोरी, आपल्या आतल्या पाकिटात तशीच बंद. सोबत सयाजीच्या वरिष्ठांची एक ओळीची चिठ्ठी होती, की सोबतच्या प्रतिज्ञापत्रावरची बाईंची सही फौजेतल्या कुणाही अधिकाऱ्यानं समक्ष बघून साक्षांकित करावी. आणि सयाजीचं पत्र.

त्यानं लिहिलं होतं की बाबांचं पत्र आलं त्या दिवशी तो पेन हातात घेऊन बसलाच होता; मग तोफ दुसरीकडं हलवायचा हुकूम आला आणि ते राहून गेलं. दोन दिवसांनी तिचं पत्र आलं. ते त्यानं तीनदा वाचलं. "फॉर्मात विचारलं होतं, बायको तुमच्याबरोबर राहते काय. नाही म्हणून लिहायला माझा हात धजेना. आपल्यात बायको बरोबर राहत नाही असं कुणी लिहून देतं काय? चार लोकांत तिनं सोडलं असंच म्हणतील. म्हणून हो लिहिलं. तुझं मत त्यापायी इकडं येईल हे डोक्यातच आलं नाही. पुढच्या वेळी बघू. आता तू तिथं हवं ते कर, मला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मेजर पोन्नप्पा माल घ्यायला येणार होते. सोयराबाईनं दहा वाजता त्यांच्यासमोर कागद ठेवले. मेजरांनी ते सावकाश वाचले आणि कपाळाला आठ्या घातल्या. कानडीत त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. ही पत्रिका नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बायकोसाठी असते. बाई तर इथं राहते. मग ती या मताला पात्र कशी?

"साहेब, जिथं मी राहते तिथं माझं नाव नाही, आणि जिथं नाव आहे तिथं मी राहत नाही," ती म्हणाली. "पण यादीत नाव दोनदा नाही, एकदाच आहे. आणि त्या नावाची बाई तुमच्यापुढं उभी आहे. ती पात्र नाही म्हणाल तर या देशात मी कुठंच नाही."

मेजरांनी ओळखपत्र मागितलं. तिनं सरकारी फोटोचं कार्ड काढून दिलं. त्यावरचा फोटो इतका काळा छापला होता की ती सोयराबाई असू शकत होती, पिराजी असू शकत होता, नाहीतर रात्री काढलेलं नारळाचं झाडही. सुपरवायझर फिसकन हसला. मेजर हसले नाहीत. हे पुरेसं नाही, असं ते म्हणाले.

तेव्हा सोयराबाईनं टेबलावरचा छत्र्यांच्या कार्डांचा गठ्ठा त्यांच्यापुढं सरकवला. सहा वर्षांची कार्डं तिथं शेडमध्येच होती. देवनागरीतली तिची सही, एकीसारखी दुसरी.

"या सहीवर तुम्ही सहा वर्षं विमानं आभाळात सोडलीत," ती म्हणाली. "कधी विचारलं नाहीत मी कोण म्हणून. आज एका कागदाच्या चिटोऱ्यासाठी तीच सही पुरत नाही?"

शेडमधली सगळी यंत्रं थांबली होती. मेजरांनी गठ्ठ्यातलं एक कार्ड काढलं, पाहिलं, परत ठेवलं. मग पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, सरी, म्हणजे ठीक, करा सही, मी बघतो.

पण सोयराबाई थांबली. आधी फुली, मग सही, आणि फुली कुणासमोर मारायची नाही, हे तिनं ठामपणे सांगितलं. शेडमध्ये आडोसा नव्हता. एका टोकाला उंच दोराला समुद्रावरून आलेली एक छत्री धुऊन वाळत लावली होती, पांढरीनारिंगी, जमिनीपर्यंत लोंबणारी. ती चपला काढून त्या छत्रीच्या आत शिरली. सुपरवायझर ओरडला की पेन घेऊन छत्रीत जायला मनाई आहे, शाईचा डाग पडेल. मेजरांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि पाठ फिरवून उभे राहिले. एकेक करून बायकांनीही पाठ फिरवली.

आत उजेड नारिंगी होता आणि कापडाला अजून समुद्राचा खारट वास होता. तिनं पत्रिका मांडीवर पसरली, नावं वरपासून खालपर्यंत वाचली, आणि एका नावापुढं फुली मारली. घडी घातली. अशी नीट घातली की सहा वर्षांत घातली नसेल. पाकीट चिकटवलं आणि बाहेर आली. मग मेजरांच्या डोळ्यांदेखत प्रतिज्ञापत्रावर सही केली, आणि त्यांनी तिच्याखाली आपली.

जाताना मेजर जीपपाशी थबकले. त्यांनी तिला सांगितलं की उन्हाळ्यात तिनं विचारलेला प्रश्न त्यांनी वर विचारला होता, सहीचा. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. ते विचारत राहतील.

जेवणाच्या सुट्टीत तिनं येलहंकाच्या पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टर केलं. ते वेळेत पोचलं की नाही, मोजलं गेलं की बाद झालं, हे तिला कधीच कळलं नाही. निकालात जिंकणारा हजारोंनी जिंकला. तिच्या एका मतानं कुणाचं काही बिघडलं नाही की सुधारलं नाही. विठोजी दोन दिवस आडून आडून तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं कढी छान केली होती, एवढंच त्यांच्या हाती लागलं.

डिसेंबरात सयाजी रजेवर आला. कचेरीतून नवा फॉर्म आणून सोयराबाईनं तो दुकानाच्या फळीवर त्याच्यापुढं ठेवला. तिचं नाव परत इथल्या यादीत यायचं तर त्यानं लिहून द्यायला हवं होतं की बायको माझ्याबरोबर राहत नाही. नेमके तेव्हाच नरसिंहराव सफारीचं माप द्यायला आलेले. विठोजींचा चेहरा पडला. ते हलक्या आवाजात म्हणाले की हे उद्या लिही, वर बसून लिही, लोकांसमोर कशाला. नरसिंहरावांनी मान लांब करून कागद बघितला आणि घसा खाकरला.

सयाजीनं बापाकडं पाहिलं, अध्यक्षांकडं पाहिलं. तोफांच्या आवाजात न डगमगलेल्या त्या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यानं पेन घेतलं, आणि 'बरोबर राहते काय' याच्यापुढं मोठ्या अक्षरांत लिहिलं, नाही. नरसिंहरावांना वाचता येईल इतक्या मोठ्या.

सोयराबाईनं फॉर्म आपल्याकडं ओढला, वरपासून खालपर्यंत तपासला, एक सुरकुती बोटानं सपाट केली.

"हे तुमच्या मनानं लिहिलंत?" तिनं विचारलं. "कुणी सांगितलं म्हणून नाही?"

"माझ्या मनानं."

तिनं फॉर्म परत त्याच्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "मग करा सही."